किराण्याचा हिशेब आधी वजनात, मग पैशांत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘महागाईचा दर घटला’ असा मथळा छापून आला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: मग वाणसामानाचे बिल का उतरत नाही? दर घटला याचा अर्थ भाव खाली आले असा होत नाही. भाव बहुधा वाढतच असतात, वाढण्याचा वेग तेवढा मंदावलेला असतो. एखाद्या वर्षी खाद्यपदार्थ ८ टक्क्यांनी महागले आणि पुढच्या वर्षी ४ टक्क्यांनी, तर १०० ला मिळणारे सामान दोन वर्षांनी ११२.३२ ला पडते. पहिल्या वर्षीची वाढ तशीच अंगावर राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा मासिक निर्देशांकही असाच अर्धवट वाचला जातो. तो तृणधान्ये, खाद्यतेले, दुग्धजन्य पदार्थ, मांस आणि साखर या पाच गटांचे आंतरराष्ट्रीय भाव मोजतो आणि २०१४ ते २०१६ ची सरासरी १०० धरतो. मार्च २०२२ मध्ये तो विक्रमी उंचीवर गेला आणि त्यानंतर बराच उतरला. पण दुकानातल्या पुड्याच्या किमतीत दळण, वेष्टन, वाहतूक, भाडे आणि मजुरीही असते. त्यामुळे तिकडची घसरण स्वयंपाकघरात तेवढी आणि तेव्हाच पोहोचत नाही.

म्हणूनच जुन्या आकड्याला चिकटून ‘आता भाव उतरतील’ या आशेवर महिना काढणाऱ्या घरांची महिनाअखेर ओढाताण होते. या ओढाताणीचे मूळ कारण माझ्या मते असे, की आपण किराण्याचे बजेट फक्त पैशांत मांडतो. पैशाचा आकडा फुगला, तर तो भाववाढीने फुगला की घरातला वापर वाढल्याने, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून बजेट आधी किलो, ग्रॅम आणि लिटरमध्ये बांधायला हवे.

त्यासाठी वही, पेन आणि दोन महिने पुरतात. नवीन पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहायची. संपले की पुन्हा तारीख पाहायची आणि मधले दिवस मोजायचे. समजा ५ किलोची पिशवी ३८ दिवस पुरली. ५००० ग्रॅम भागिले ३८, म्हणजे दिवसाला साधारण १३२ ग्रॅम. ३० दिवसांना ३.९५ किलो. म्हणजे दरमहा सवयीने ५ किलो आणणाऱ्या घरात महिन्याला किलोभर माल नुसता साचतो, आणि तेवढे पैसे डब्यात अडकून भाजीला कमी पडतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाकीट फोडल्याची तारीख लिहिण्याऐवजी आणल्याची तारीख लिहिणे. मग आकडा भलताच येतो. पाहुणे येऊन गेले किंवा घरातले कुणी बाहेरगावी होते, तर तेही बाजूला टिपून ठेवावे आणि एकाऐवजी दोन पाकिटांची सरासरी धरावी. सगळ्याच जिन्नसांची मोजदाद करण्याची गरज नाही. बिलाचा मोठा वाटा दहा-बारा वस्तू उचलतात. तेवढ्या मोजल्या तरी पुष्कळ झाले.

एकदा वजने हातात आली की भाववाढ आणि वापरवाढ वेगळी करता येते. गेल्या महिन्यात वापरलेली वजने घ्यायची आणि त्यांना या महिन्याचे भाव लावायचे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेर यांनी १८७१ मध्ये मांडलेली हीच रीत आजही किंमत निर्देशांकांच्या मुळाशी आहे. घरगुती वहीत ती तितकीच चोख चालते. समजा गेल्या महिन्याचा खर्च १०० होता आणि या महिन्याचा ११५ झाला. जुनी वजने नव्या भावाने मांडली, तर बेरीज १०६ येते. म्हणजे १५ पैकी ६ बाजाराने वाढवले आणि ९ आपल्या घराने: जास्त वापर, वाया गेलेला माल किंवा नेहमीच्या ऐवजी घेतलेला महागडा प्रकार. ते ९ शोधून काढता येतात. बाजाराचे ६ मात्र आधी बजेटमध्ये मान्य करावेत आणि मग कुठे कात्री लावायची ते ठरवावे. भाववाढ मान्यच न करता जुन्याच रकमेचा हट्ट धरला, की तिसऱ्या आठवड्यात बजेट मोडते, आणि एकदा मोडले की लोक वहीच बंद करतात. बजेट न टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे.

या हिशेबात वस्तूचा बिलातला वाटाही बघावा. बिलात १ टक्का वाटा असलेला मसाला ४० टक्क्यांनी महागला, तर एकूण खर्च ०.४ टक्का वाढतो. १२ टक्के वाटा असलेले तेल ८ टक्क्यांनी महागले, तर खर्च जवळजवळ १ टक्का वाढतो. चर्चा मसाल्याची होते, पैसे तेलात जातात.

महिन्याची रक्कम आठवड्यांत वाटताना चाराने भागण्याची सवयही नडते. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. १०० ला चाराने भागून आठवड्याला २५ धरले, तर ३० दिवसांच्या महिन्यात शेवटचे दोन दिवस कोरडे जातात आणि ३१ च्या महिन्यात तीन. रकमेला महिन्याच्या दिवसांनी भागून सातने गुणावे: ३० दिवसांना २३.३३, ३१ दिवसांना २२.५८. फरक किरकोळ दिसतो, पण महिनाअखेरची उसनवारी पुष्कळदा याच दोन-तीन दिवसांची असते. शिवाय ही आठवड्याची रक्कम फक्त नाशवंत मालासाठी असावी. टिकाऊ सामान महिन्यातून एकदाच यादी करून आणावे आणि त्याची रक्कम आधीच वेगळी काढावी. दोन्ही एकाच पाकिटात ठेवले, की भाजी आणायला गेलेला माणूस बिस्किटे घेऊन येतो, आणि तो खर्च कोणत्याही यादीत नसतो.

दुकानात वस्तूची किंमत बघण्याऐवजी किलोचा भाव बघावा. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १०००. मोबाइलवर दहा सेकंदांचे काम. किंमत तीच ठेवून १ किलोचा पुडा ९०० ग्रॅमचा केला, तर भाव १० नव्हे, ११ टक्क्यांनी वाढतो. २०० ग्रॅमचा १७० झाला, तर साडेसतरा टक्क्यांहून जास्त. वेष्टन तसेच, रंग तोच, त्यामुळे लक्षातही येत नाही. महिन्याला दोन पुड्यांऐवजी तिसरा लागू लागतो आणि आपण घरच्यांच्या खाण्याला दोष देतो. तेलाच्या बाबतीत लिटर आणि किलो यांची गल्लत फार होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम भरते. म्हणून एक लिटरची पिशवी आणि एक किलोची पिशवी एकाच किमतीला असतील, तर किलोवाली सुमारे ९ टक्क्यांनी स्वस्त आहे.

मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हेही तपासून पाहावे. आणि स्वस्त असले, तरी ते पूर्ण वापरले जाणार का? २० टक्के स्वस्त घेतलेल्या मालातला २० टक्के वाया गेला, तर उरलेला मूळच्याच भावात पडला. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तेहतीस टक्के सूट, पण तिसरा नग मुदतीत संपला तरच. भाजीत तर वापरण्याजोगा भाग किती निघतो यावर खरा भाव ठरतो. शेंगांसकट घेतलेल्या मटारात दाण्यांचे वजन निम्म्याहून कमी भरते; सोललेल्या दाण्यांच्या भावाशी तुलना करताना शेंगांचा भाव दुपटीहून अधिक धरावा लागतो. भिजवलेली, मोड आलेली कडधान्ये विकत घेताना निम्मे किंवा त्याहून जास्त वजन पाण्याचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता कात्री कुठे लावायची याविषयी, कारण इथे चूक झाली तर ती घरातल्यांच्या तब्येतीवर निघते. भाव २५ टक्के वाढला, तर खर्च तेवढाच ठेवायला वापर २० टक्के घटवावा लागतो. भाव दीडपट झाला, तर वापर एक तृतीयांशाने. पण सगळ्या यादीला सरसकट एकच टक्का लावणे हा वाईट उपाय आहे. तसे केले की डाळ, दूध, अंडी यांवर हात आखडता घेतला जातो आणि तयार खाऊ, शीतपेये यांचे नग मात्र तसेच राहतात. पोटाला लागणारी प्रथिने कशातून स्वस्त मिळतात, हे प्रत्येक घराने आपापल्या भावाने काढावे. साधारण १० ग्रॅम प्रथिनांसाठी कोरडी डाळ ४५ ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम, अंडी पावणेदोन किंवा दूध ३०० मिलिलिटर लागते. प्रत्येकाची किंमत मांडा, ज्याला कमी पडते त्याचा वाटा वाढवा. उत्पन्न कमी असले की त्यातला अन्नावरचा वाटा मोठा असतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून ‘उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांतच किराणा बसवा’ असा एकच दंडक सगळ्यांना सांगणे मला अन्यायाचे वाटते. ज्या घरात आधीच निम्मे उत्पन्न अन्नावर जाते, तिथे कापायला मुळात चैनच नसते.

भाव चढताना दिसले की साठा करण्याचा मोह होतो. टिकाऊ जिन्नस, आणि तोही मोजलेल्या वापराच्या दोन महिन्यांइतका, ही मर्यादा मला रास्त वाटते. त्यासाठीचे पैसेही महिन्याच्या रकमेतून न काढता दरमहा चार-पाच टक्के बाजूला टाकून जमवलेल्या गंगाजळीतून काढावेत. साठवलेले धान्य किडीने गेले, तर साठ्याचा सगळा फायदा बुडतो. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर जागा असेल, तर धान्याच्या बंद पिशव्या चार दिवस ठेवल्याने किडे आणि त्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये; उघडली तर थंड धान्यावर हवेतली वाफ जमते, ओल धरते आणि बुरशी लागते. नवा माल डब्यात जुन्यावर ओतू नये. आधी डबा रिकामा करून पुसावा, जुने वर येईल असे भरावे. फोडलेले तेल उजेडापासून आणि शेगडीच्या धगीपासून दूर ठेवावे. खवट झालेले तेल कितीही स्वस्तात मिळालेले असले, तरी वायाच जाते.

संपादक महोदय, या कामात वृत्तपत्राची मोठी मदत होऊ शकते, आणि पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे. आठवड्यातून एकदा दहा-बारा मुख्य जिन्नसांचा तक्ता छापावा. त्यात किरकोळ भाव सरसकट किलोचे असावेत, तेलाचेही किलोचेच, आणि प्रत्येकासमोर तीन रकाने: आजचा भाव, महिन्यापूर्वीचा, वर्षापूर्वीचा. घाऊक भाव द्यायचे असतील, तर ते वेगळे आणि ठळकपणे ‘घाऊक’ असे लिहून द्यावेत, म्हणजे दुकानात जाऊन वाद होणार नाहीत. पुड्याचे वजन घटल्याचे वाचकांनी कळवले, तर खातरजमा करून जुने-नवे वजन त्याच तक्त्याखाली छापता येईल. आणि महागाईचा दर घटल्याची बातमी देताना, भाव वर्षापूर्वीपेक्षा किती वर आहेत, हे पहिल्याच परिच्छेदात यावे.

आपली,
एक नियमित वाचक