चि. केतकीस, दोन जुन्या सीपीयूंविषयी

नौपाडा, ठाणे

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

दोन जुन्या संगणकांपैकी कोणता घ्यावा असे विचारून तू पाठवलेली दोन्ही छायाचित्रे मोठी करून नीट पाहिली. दुकानदाराने दोन्हींखाली ‘आय-फाइव्ह, आठवी पिढी, सोळा जीबी’ हे एकच वाक्य (म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरचे घराणे, त्याची पिढी आणि रॅम, अर्थात चालू कामाची तात्पुरती स्मृती) लिहिले आहे, त्यामुळे उरला तो केवळ आकाराचा प्रश्न, असे तुला वाटणे साहजिक आहे. दोन्ही डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०६०, म्हणजे २०१८ च्या सुमाराचे, आणि भावातही फारसा फरक नाही. परंतु या यंत्रांमध्ये आकार बदलला की आतले बरेच काही बदलते, आणि ते त्या एका वाक्यात मावत नाही, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो आहे.

आधी प्रोसेसरचे पाहू. लहान डब्याच्या, म्हणजे मायक्रोच्या, मागच्या छायाचित्रात ३५ वॉट असे छापलेले पुसट दिसते. याचा अर्थ त्यात बहुधा आय-फाइव्ह ८५००टी आहे. मोठ्यात साधा ८५०० असावा. दोघांनाही सहा कोअर, म्हणजे काम करणारी सहा केंद्रे, आहेत, पण साध्याचा पायाभूत वेग ३ गिगाहर्ट्‌झ आणि कमाल ४.१, तर टी अक्षर लागलेल्याचा पायाभूत २.१ आणि कमाल ३.५. फाइल उघडणे, मेल पाहणे, ऑटोकॅडमध्ये एक भिंत सरकवणे, असल्या क्षणभराच्या कामांत तुला हा फरक क्वचितच जाणवेल, कारण तेवढ्यापुरता टीसुद्धा धावतो. मात्र रेंडर, म्हणजे त्रिमिती चित्राचे अंतिम रूप तयार करणे, लावून अर्धा तास बसायचे झाले, की त्याला पस्तीस वॉटांची मर्यादा पाळावी लागते आणि त्याचा वेग मंदावतो. साध्या ८५०० ला पासष्ट वॉटांची मुभा असते. तोही तापतो, पण त्याच्या डब्यात हवा खेळायला जागा आहे.

तिसरा, सातव्या पिढीचा टॉवर, म्हणजे उभा डबा, दुकानदार बराच स्वस्तात देतो म्हणतो, त्याकडे पाहूही नकोस. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ज्यांवर चालते त्यांच्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर येतात, तुरळक अपवाद सोडले तर. कार्यालयांतून सातव्या पिढीची यंत्रे ढिगाने बाहेर पडत आहेत, ती उगाच नव्हे.

आता आकार. मायक्रो सुमारे १८ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि साडेतीन सेंटीमीटरांहून किंचित जाड आहे. माझ्या एका वितीत मावतो, वजन सव्वा किलोच्या आसपास. मोठा, ज्याला स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणतात, तो २९ सेंटीमीटर लांब-रुंद आणि सव्वानऊ सेंटीमीटर जाड असून पाच किलोंच्या पुढे जातो. तुझा भाडेकरार अकरा महिन्यांचा, दर वर्षी खोली बदलण्याची टांगती तलवार, आणि ठाण्याहून ऐरोलीला लोकलने सामान नेण्याची तुझी सवय, हे सारे धरले तर लहान डबा दप्तरात टाकून निघता येते हे खरे. तुझ्या आईचाही कौल लहानालाच आहे, कारण त्याच्याखालची धूळ पुसता येते. तिच्या मताला मी कमी लेखत नाही. आमच्या बँकेच्या संगणक विभागात निम्मी दुरुस्ती म्हणजे ब्लोअरने धूळ काढणे हीच असे.

परंतु मोठा डबा आडवा ठेवला तर मॉनिटर त्याच्यावर बसतो, आणि मग टेबलावरची जागा दोघांची मिळून एकच लागते. तू माप घेशील तेव्हा मॉनिटरच्या पायाची रुंदीही घे.

माझा खरा कल ठरवणारी गोष्ट वेगळी आहे. तू लिहिलेस की पुढच्या सहामाहीत इंटिरिअरच्या वर्गात त्रिमिती चित्रे सुरू होतील. दोन्ही यंत्रांत प्रोसेसरमधलेच इंटेलचे यूएचडी ६३० ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उभे करणारा भाग, आहे. नकाशे काढायला ते पुरेसे आहे, पण पडदे, लाकूड, उजेड-सावली असे सारे घालून खोली फिरवून पाहायची म्हटले की ते धापा टाकू लागते. मायक्रोमध्ये यावर उपाय नाही, कारण वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवायचा स्लॉट, म्हणजे खाचच, नाही. मोठ्यात अर्ध्या उंचीचे कार्ड बसते. तेही कोणतेही नव्हे: वीजपुरवठा २०० वॉटांचा असल्याने स्लॉटमधूनच वीज घेणारे, वेगळी वायर न मागणारे आणि एकाच स्लॉटच्या जाडीचे असावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात अशा कार्डाला ‘लो प्रोफाइल’ म्हटले की समजते, मात्र छोटी पट्टी, म्हणजे कार्डाला मागून धरणारा पत्रा, खोक्यात आहे ना हे तिथेच उघडून पाहावे लागते. तो नसेल तर कार्ड घरी येऊन नुसते शोभेला राहते.

रॅमचेही तसेच आहे. लहानात लॅपटॉपची रॅम लागते आणि जागा दोन, मोठ्यात पूर्ण लांबीची आणि जागा चार. सोळा जीबी ही आठ-आठच्या दोन पट्ट्यांची आहे की सोळाची एकच, हे दोन्हींच्या बाबतीत विचार. आतले ग्राफिक्स रॅमच उसनी घेत असल्याने दोन पट्ट्यांवर ते अधिक चपळ चालते.

लहान डबा वीज वाचवतो असे दुकानदाराने तुला ऐकवले. वाचवतो, पण किती ते मोजू. साध्या कामात दोघांतला फरक दहा वॉटांच्या आसपास धर. दिवसाला आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तो महिन्याला दोन युनिट होतो. तेवढ्यासाठी निर्णय फिरवू नये.

उलट, मायक्रोचा वीज देणारा अडॅप्टर डब्याबाहेर असतो ही मला त्याची नाजूक बाजू वाटते. मागच्या वर्षी तुझ्या काकांनी असाच एक छोटा डबा घेतला. एक्सेलची साधी फाइल उघडायला तो मिनिट-मिनिट लावी. दोन रविवार आम्ही विंडोज नव्याने टाकण्यात घालवले. शेवटी चालू होतानाचा, घाईने एंटर दाबून पुढे ढकललेला संदेश मी थांबून वाचला, तेव्हा त्यात अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असे स्पष्ट लिहिले होते. अशी यंत्रे पिनेच्या मध्यावरच्या बारीक सुईतून अडॅप्टर आपल्याच कंपनीचा आहे का हे विचारतात आणि उत्तर आले नाही तर प्रोसेसरचा वेग उतरवतात. विकणाऱ्याने नक्कल केलेला अडॅप्टर दिला होता आणि नंतर तो ओळखच दाखवीना. मोठ्यातला वीजपुरवठा आत असतो. मात्र तोही खास मापाचा आहे, बाजारातला साधा त्यात बसत नाही, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा माझ्या मते मोठा घे. त्रिमितीचा वर्ग तू सोडणार असशील तर मात्र निःशंकपणे लहान घे, मला वाईट वाटणार नाही.

दुकानात गेल्यावर यंत्र चालू करायला सांग आणि डेलचे चिन्ह दिसताच एफ २ दाब. सेटिंगचा पडदा उघडेल, तिथे प्रोसेसरचे पूर्ण नाव व कोणत्या जागेत किती रॅम आहे ते दिसते. मुख्य म्हणजे, तिथे एखादा बदल करून पाहा. पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचे कुलूप तसेच आहे असे समज आणि ते काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मग पुन्हा चालू करून एफ १२ मधली तपासणी पूर्ण होऊ दे, तोवर पंख्याचा आवाज कान देऊन ऐक. डब्यावरचा सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग, म्हणजे यंत्राची ओळखखूण, मला फोटो काढून पाठव. वायफाय आहे का तेही विचार. ऑफिसच्या यंत्रांत ते पुष्कळदा नसते आणि तुमचा राउटर हॉलमध्ये आहे. तुझ्या मॉनिटरला एचडीएमआय आहे आणि या यंत्रांना बहुधा डिस्प्लेपोर्टच असतात, त्यामुळे डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयला जोडणारी केबल नवी लागेल. ती मी इथूनच आणून ठेवतो, टेबलाचे आणि मॉनिटरच्या पायाचे माप तेवढे आज रात्री कळव.

तुझा,
बाबा