पक्षिगृहापाशी भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. गळ्यात कॅमेरा अडकवून धनेशाच्या पिंजऱ्यासमोर ताटकळलेला तो मी. तुमच्या हातात खाद्याची बादली होती, पुढची कामं खोळंबली असणार, तरी थांबलात. त्याबद्दल आधी आभार.

जाळीचा त्रास प्राणिसंग्रहालयात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. जाळीवर ऊन पडलं की तिची तार न् तार चकाकते आणि फोटोवर पांढरट पडदा धरते. तुम्ही मला चार पावलं सरकवून सावलीतल्या जाळीसमोर उभं केलंत. लेन्स जाळीच्या जितकी जवळ, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) जितकं मोठं आणि पक्षी जाळीपासून जितका आत, तितकी जाळी फोटोत विरघळत जाते, एवढं मी वाचलं होतं. पण "उन्हं कलली की तो मागच्या फांदीवर येतो, तोवर थांबा" हे कोण सांगणार? रोज त्याला खाऊ घालणाराच. (माकडांच्या जाळीपाशी लेन्स नेऊ नका, हेही तुम्हीच बजावलंत. लेन्सच्या तोंडावरचं कडं, म्हणजे हूड, वाचला!)

धनेश खरंच त्या फांदीवर आला आणि पिसं साफ करत बसला. तुम्ही म्हणालात, "चोच थांबली की बोट तयार ठेवा." पिसं विंचरून झाली की पक्षी बहुधा अंग फुलवून जोरात झटकतो. १/१००० सेकंदाला शटर लावून ठेवलं होतं, म्हणून ते झटकणं पीस न् पीस सुटं दिसेल असं मिळालं. काही फोटोंत डोळ्यावर दुधी झाक दिसली. ते मी पुसणारच होतो, तर तुम्ही सांगितलंत की ही पक्ष्यांची तिसरी पापणी, डोळा ओला आणि स्वच्छ ठेवणारी. आता तोच फोटो मी सगळ्यांना आधी दाखवतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र घुबडापाशी जे केलंत त्याचे. एका गृहस्थांनी काचेजवळ मोबाइल धरून फ्लॅश मारायची तयारी केली होती. तुम्ही आवाज न चढवता मध्ये हात धरलात आणि अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यांना फ्लॅश किती त्रासाचा, ते समजावलंत. काचेवर फ्लॅश मारला तर फोटोत बहुतेक वेळा फ्लॅशच येतो, हेही आहेच. मग मला म्हणालात, "टाळ्या नकोत, शिट्टी नको, तो आपणहून वळेल." घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, बघायचं तर मानच वळवावी लागते. मानेत १४ मणके असल्यामुळे ती सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. मी हूड काचेला सपाट टेकवून उभा राहिलो, आणि पाठमोरं बसलेलं घुबड थेट माझ्याकडे बघायला लागलं. बसल्या जागेवरून, पाठ तशीच ठेवून!

धनेशाचे दोन प्रिंट तिकीटखिडकीवर तुमच्यासाठी ठेवले आहेत. एक घरी न्या. दुसरा परवानगी मिळाली तर पिंजऱ्यावरच्या पाटीशेजारी लावा, कारण पाटीवरचा धनेश कावळ्यासारखा दिसतो, असं तुम्हीच हसत म्हणाला होतात.

तुमचा,
कॅमेरावाला