ख्रिस्ती धर्म रोमन दरबाराने रचला?

संपादक महोदय,
ज्यूंचे बंड शमवण्यासाठी रोमच्या फ्लाव्हियन घराण्यातील सम्राटांनी ख्रिस्ती धर्म रचला, हा सिद्धांत हल्ली पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. तो कालगणनेतच कोसळतो. या घराण्याचा पहिला सम्राट व्हेस्पासियन इ.स. 69 मध्ये गादीवर आला. ख्रिस्ती धर्मप्रसारक पौलाची पत्रे त्याआधीची, 50 च्या दशकातली. पुढे 112 च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय? दोन ख्रिस्ती दासींचा छळ करूनही त्याला कटकारस्थान सापडले नाही. दरबारानेच धर्म काढला असता, तर सुभेदार असा चाचपडला असता का? त्या दासींची श्रद्धा सरकारी बनाव ठरवली जाते, याचा मला संताप येतो. सत्तेचा हात शोधायचाच, तर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये बोलावलेल्या निकियाच्या धर्मसभेत शोधावा.

– एक वाचक, पुणे