चावी घरात आणि गाडी गायब

मा. संपादक,

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आता साध्या सोसायट्यांमध्येही सर्रास दिसतात. शोरूममध्ये या सोयीचं भरभरून कौतुक होतं, पण तिचा धोका ग्राहकाला कोणी सांगत नाही. तो सांगायलाच हवा.

अशी गाडी एक क्षीण संदेश सोडते, खिशातली चावी त्याला उत्तर देते आणि दार उघडतं. संदेश मीटर-दोन मीटरपलीकडे जात नाही, या गृहीतकावर सगळी सुरक्षितता उभी आहे. एक चोर गाडीपाशी आणि दुसरा घराच्या दाराबाहेर हा संदेश पुढे पोचवणारं यंत्र घेऊन उभा राहिला की हे गृहीतक कोसळतं. चावी आत टेबलावर असते, गाडीला मात्र ती शेजारी आल्यासारखी वाटते. यात चावी आणि गाडीमधला गुप्त कोड फोडावाच लागत नाही, म्हणून तो कितीही अवघड केला तरी उपयोग नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्येच आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं होतं. न हलणारी चावी काही मिनिटांनी आपोआप बंद पडावी, हा त्यावरचा सोपा उपाय काही कंपन्या वापरतात. तो सगळ्याच गाड्यांत का नसावा?

खर्चात काटकसर किती महाग पडते हे अमेरिकेत दिसलं. तिथे किआ आणि ह्युंदाईने २०२१ पर्यंत अनेक स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, दिला नव्हता. शाळकरी पोरंसुद्धा यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या सुरू करून पळवू लागली. कॅनडात इमोबिलायझर २००७ पासून सक्तीचा असल्याने तिथे ही युक्ती चालली नाही.

दुसरा पेच ओबीडी पोर्टचा, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या आतल्या सॉकेटचा. चावी हरवली की कारागीर तिथे यंत्र जोडून नव्या चावीचं कोडिंग करतो. काच फोडून आत शिरलेला चोरही तेच करतो. पण ही वाट फक्त कंपनीच्या हाती देणं मला पटत नाही. मग एका चावीसाठी कंपनी मागेल ती किंमत मोजावी लागेल आणि चौकातल्या चावीवाल्याचा धंदा बसेल. कोडिंगसाठी मालकाचा पिन सक्तीचा केला, तर कारागीर कुठलाही चालेल.

सर्वांत जास्त खटकतो तो विम्याचा व्यवहार. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. जुनी गाडी घेणाऱ्या कितीतरी जणांच्या हाती मुळात एकच चावी पडते. दुसरी नसली की संशयाची सुई थेट मालकाकडे वळते. चावीला हातही न लावता गाडी नेता येत असताना केवळ एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरवणं अन्यायाचं आहे. दावा अडवायचा तर चावी गाडीत राहिली होती, हे कंपनीने दाखवावं. विमा नियामकाने तसा स्पष्ट आदेश काढावा.

– एक वाहनधारक, चिंचवड