रिअ‍ॅलिटी शो म्हणजे डॉक्युमेंट्री नव्हे

संपादकसाहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कुणीतरी लिहिलंय की रिअ‍ॅलिटी शो काय नि डॉक्युमेंट्री काय, दोन्हीत खरी माणसं, म्हणजे सारखंच. आमच्या आईचंपण तेच, "ती भांडालेत ते काय खोटं व्हय रे?" भांडण खरं असेल गं, पण भांडायला लावलं कुणी? बिग बॉसचा मूळ फॉर्म्युला १९९९ चा, नेदरलँड्सचा, हिंदीत २००६ ला आला, मराठीत २०१८ ला. माणसं एका घरात कोंडायची, मोबाईल काढून घ्यायचे, टास्क द्यायचे आणि २४ तासांतला सगळ्यात चिडका तेवढा तासभर दाखवायचा. घरच मुळी टीव्हीसाठी बांधलेलं!

भाचीला गाण्याच्या एका शोच्या ऑडिशनला नेलेलं, पहाटे ५ पासून लाईनीत. बिचारीनं नाट्यगीत बसवलेलं, दोन ओळी झाल्या नाहीत तोवर पॅड घेतलेली पोरगी विचारते, पप्पा काय करतात, घरी काही प्रॉब्लेम? नाही म्हटल्यावर तिचा इंटरेस्टच गेला.

आता आमच्या वडगावचं सांगतो, इथं गल्लोगल्ली यंत्रमाग. कॉलेजचा एक पोरगा डॉक्युमेंट्री करायची म्हणून शेजारच्या काकांकडे तीन दिवस बसला. मिळालं काय, तर नुसता खडखडाट, आणि धागा तुटला की काका गप्पा मारत मारत, तिकडं न बघताच, दोन बोटांनी गाठ मारतात ते. लाईट गेली की मागाला टेकून डुलकी काढतात, तेपण घेतलं त्यानं. तो आला नसता तरी काकांनी हेच केलं असतं, माझ्या मते फरक आहे तो इथं.

डॉक्युमेंट्रीवालेपण धुतल्या तांदळाचे नाहीत हां. बर्फाळ उत्तरेकडच्या इन्यूट लोकांवरची ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ ही १९२२ ची गाजलेली डॉक्युमेंट्री, तिच्यात दिग्दर्शक फ्लाहर्टीनं कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, अर्धंच बांधून घेतलं, आणि बंदूक वापरणाऱ्या माणसांना जुन्या पद्धतीनं भाल्यानं शिकार करायला लावली. आमचा पोरगापण काकूंना म्हणालाच, गाऊन बदलून साडी नेसा की. काकू म्हणाल्या, "कामात आहे मी, हाय तसं घे." घेतलं.

तर विनंती एवढीच, त्या ‘घरात’ कोण कुणावर ओरडलं ते मनोरंजनाच्या पानावर टाका, पहिल्या पानावर नको. आणि ही फिल्म आम्ही गणपतीच्या मंडपात पडदा लावून दाखवणार आहोत, जमलं तर तुमचा बातमीदार पाठवा. त्या दिवसासाठी काकूंनी साडी काढून ठेवलीय.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव