रानवनस्पतींचे उपयोग अर्धवट छापू नयेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माळावर, बांधावर आणि वाटेच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या औषधी वनस्पतींविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून अलीकडे सातत्याने लिहिले जात आहे आणि ज्या ज्ञानाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, ते पुन्हा वाचकांसमोर येत आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र या लेखांचा जो साचा रूढ झाला आहे, त्याबद्दल मला गंभीर हरकत नोंदवायची आहे. वनस्पतीचे नाव, एखादे छायाचित्र आणि ती कोणकोणत्या विकारांवर गुणकारी आहे याची यादी, एवढ्यावर लेख आटोपतो. वनस्पतीचा कोणता भाग घ्यायचा, तो केव्हा तोडायचा, त्याचा काढा करायचा की रस काढायचा, मात्रा किती आणि कोणाला ते मुळीच देऊ नये, यांपैकी बहुतेक गोष्टी त्यात नसतात. पिढीजात जाणकाराच्या लेखी मात्र औषध म्हणजे या सर्व गोष्टी मिळून असते. म्हणून माझी सूचना अशी आहे की, औषधी उपयोग छापायचाच असेल तर तो कृती, मात्रा, ओळख आणि निषेध (कोणाला देऊ नये) यांच्यासह छापावा; तेवढी माहिती हाती नसेल, तर उपयोग गाळून वनस्पतीची केवळ ओळख करून द्यावी.

कृतीला मी एवढे महत्त्व का देतो, हे हिवतापावरील औषधाच्या शोधावरून ध्यानात येईल. दवण्याच्या प्रजातीतील ‘आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ’ ही वनस्पती चीनमध्ये तापावर पूर्वापार वापरली जात होती. विसाव्या शतकातील संशोधकांनी तिचे अर्क काढले, तेव्हा त्यांचा परिणाम कधी दिसे, कधी दिसत नसे. चिनी औषधशास्त्रज्ञ यूयू तू यांनी जुने ग्रंथ पुन्हा चाळले आणि चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग यांच्या एका नोंदीवर त्यांची नजर थांबली. मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि तो प्यावा, असे त्या नोंदीत होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने औषधी अंश नष्ट होत असावा, असा अर्थ त्यांनी लावला आणि सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. त्यातून १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषधी द्रव्य वेगळे करण्यात आले आणि २०१५ मध्ये यूयू तू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गे हाँग यांनी ‘ही वनस्पती तापावर गुणकारी आहे’ एवढेच लिहून ठेवले असते, तर ती नोंद या कामी आली नसती. याच वनस्पतीचा काढा किंवा चूर्ण हिवतापावर घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आजही करत नाही, कारण त्यात औषधी द्रव्य किती उतरले आहे याचा भरवसा नसतो आणि अपुऱ्या मात्रेमुळे रोगजंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. हे वाक्य गाळून उरलेली कथा छापली, तर ती वाचकाला चुकीच्या वाटेला लावील.

दुसरे उदाहरण मला अधिक विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण लोकांकडचे ज्ञान कसे नोंदवावे याचा तो वस्तुपाठ आहे. अंगात पाणी साठून सुजलेल्या रुग्णांना इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एक वृद्धा घराण्यातले गुप्त औषध देत असे आणि नेहमीच्या वैद्यांनी हात टेकलेले काही रुग्ण त्याने बरे होत असत. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या वैद्यांचे मत त्याविषयी विचारण्यात आले. त्या मिश्रणात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या; त्यांतील खरे काम फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या, घंटाकार फुलांच्या रानटी झाडाचे आहे, हे त्यांनी ओळखले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मुळांचा गुण ऋतुमानानुसार बदलतो आणि पानांचाही सारखा राहत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा फुले उमलण्याच्या सुमारास पाने तोडावीत, देठ आणि मधली शीर काढून टाकावी, उरलेला भाग वाळवून त्याची पूड करावी, असे त्यांनी ठरवले. मात्रा अधिक झाल्यास उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात आणि नाडी मंदावते, हेही त्यांनी लिहिले. रुग्ण बरे झाले त्यांच्याबरोबर जे बरे झाले नाहीत त्यांच्याही हकिगती त्यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात दिल्या. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर या वनस्पतीत फार थोडे आहे. तिच्याच प्रजातीतील दुसऱ्या वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हृदयरोगावर आजही वापरले जाते आणि तेही रक्तातील प्रमाणावर लक्ष ठेवूनच द्यावे लागते. अशा वनस्पतीचे वर्णन ‘हृदयासाठी हितकारक’ या दोन शब्दांत उरकणे म्हणजे वाचकाच्या जिवाशी खेळणे आहे.

वनस्पतींभोवती गुंफलेल्या लोककथांकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. त्या कथा रंजक चौकटीत टाकल्या जातात किंवा भाबडेपणा म्हणून वगळल्या जातात; दोन्हींत नुकसान आहे. मॅन्ड्रेक या वनस्पतीचे मूळ उपटताना ते किंकाळी फोडते आणि ती ऐकणारा मरतो, म्हणून ते कुत्र्याला बांधून उपटावे, अशी समजूत युरोपात आणि भूमध्य सागराच्या परिसरात शतकानुशतके होती. किंकाळी अर्थातच खरी नाही, परंतु त्या मुळात धोतऱ्यातल्यासारखीच विषारी अल्कलॉइडे असतात, त्यांनी भ्रम आणि गाढ गुंगी येते, प्रसंगी मृत्यूही येतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला मॅन्ड्रेकचे मद्य देण्याची पद्धत पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ यांनी नोंदवली आहे. ज्या मुळाला कोणीही सहज हात लावू नये, त्याच्याभोवती भीतीची कथा उभी राहिली, तर तिने लहान मुलांचे आणि अजाण माणसांचे रक्षणच केले असणार, असे माझे मत आहे.

मात्र प्रत्येक कथा अशी राखण करतेच असे नाही. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्या अवयवावर ती औषध, ही कल्पना युरोपात फार काळ प्रमाण मानली गेली. पांढऱ्या ठिपक्यांची पाने फुप्फुसासारखी दिसतात म्हणून ‘पल्मोनारिया’ खोकल्यावर दिली जाई. त्यातून मोठे नुकसान झाले नसावे. सापसंदाच्या प्रजातीतील ‘अ‍ॅरिस्टोलोकिया’ची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या वक्र फुलात गर्भाशयाचा आकार दिसला, म्हणून ती बाळंतपणात देत आणि ग्रीक काळापासून तिला मोठा मान होता. तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते, हे आता निर्विवाद आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत एका वनस्पतीऐवजी याच प्रजातीतील दुसरी गेली आणि शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे बिघडली. बाळंतपणात हे मूळ घेतलेल्या बाईला काही वर्षांनी मूत्रपिंडाचा विकार जडला, तर त्या दोन घटनांचा संबंध गावातल्या कोणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते. उलटी, जुलाब, गुंगी हे तात्काळ दिसणारे परिणाम लोकानुभवाने अचूक टिपले. सावकाश होणारी इजा त्याच्या टप्प्यात येत नाही. कॉम्फ्री या युरोपीय वनस्पतीचेही तसेच आहे. मोडलेल्या हाडावर आणि मुरगळलेल्या सांध्यावर तिचा लेप लावण्याची परंपरा जुनी असून मुरगळण्यावर बाहेरून लावण्याला आधुनिक चाचण्यांचाही काही आधार मिळाला आहे, परंतु ती पोटात घेतल्यास यकृताला गंभीर इजा होते आणि म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये ती पोटात घेण्याच्या उत्पादनांतून काढण्यास सांगितले. ‘शेकडो वर्षे वापरात आहे, म्हणून निर्धोक आहे’ हे विधान आपल्या पानांवर यापुढे येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही उपयोग प्रत्यक्षात काम करत नसतानाही का टिकून राहतात, याचाही उलगडा वाचकांना व्हायला हवा. ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जो पाला दिला असेल, त्याला यश मिळते. साप चावलेल्या अनेकांना बिनविषारी साप चावलेला असतो किंवा विषारी सापाने विष सोडलेले नसते. तेथे कोणतीही मुळी उतारा ठरते. खरोखर विष भिनलेल्या माणसाचे प्राण मात्र त्या मुळीच्या शोधात गेलेल्या वेळेमुळे जाऊ शकतात, म्हणून सर्पदंशावर वनस्पतीचा उपयोग सांगणारी ओळ कोणत्याही लेखात असूच नये.

तरीही लोकसमजूत चुकीची निघाली की तिला किंमत राहत नाही, असे मी म्हणणार नाही. सदाफुलीची पाने जमैकात मधुमेहावर घेतली जात. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. तोंडावाटे दिलेल्या अर्काचा साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही, परंतु टोचून दिल्यावर उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले, कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. त्या निरीक्षणातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध मिळाले, पुढे त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन मिळाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत ते मोलाचे ठरले. ही द्रव्ये पानांत अत्यल्प असतात, शिरेतूनच द्यावी लागतात आणि अत्यंत विषारी असतात. ‘सदाफुली कर्करोगावर गुणकारी’ असे वाचून पाने चावणाऱ्या माणसाला त्यांचा गुण मिळत नाही, अपाय मात्र होऊ शकतो.

ओळखीविषयी एकच गोष्ट सांगतो. रानगाजर आणि विषारी हेमलॉक यांची पाने तशीच बारीक चिरलेली आणि पांढऱ्या फुलांचे छत्रही तसेच. लहानशा छायाचित्रात दोन्ही एकच दिसतील. खोड हातात धरले की फरक कळतो: रानगाजराच्या खोडावर लव असते, हेमलॉकचे खोड गुळगुळीत असून त्यावर जांभळट डाग असतात आणि पान चुरगळल्यास उग्र, कोंदट वास येतो. सॉक्रेटिसाला देण्यात आलेले विष याच हेमलॉकचे होते. म्हणून प्रत्येक वनस्पतीच्या छायाचित्राबरोबर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी वनस्पतीचेही छायाचित्र छापावे आणि दोघींतील फरक खोड, पान, वास यांच्या आधारे सांगावा.

आधीपासून औषधे घेणाऱ्यांसाठीचा इशाराही लेखातच हवा. सेंट जॉन्स वर्ट या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीला दुष्ट शक्ती दूर ठेवणारी म्हणून युरोपात दारावर टांगत आणि उदासीनतेवर देत. सौम्य व मध्यम नैराश्यावर तिचा उपयोग होतो, हे चाचण्यांत दिसले आहे. तीच वनस्पती यकृतातील विकरांचे (एन्झाइमांचे) काम वाढवून गर्भनिरोधक गोळ्या, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि एचआयव्हीवरील काही औषधे निष्प्रभ करू शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, तसेच मूत्रपिंडाचे व यकृताचे रुग्ण यांच्यासाठीचा निषेध लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत न देता, जेथे उपयोग सांगितला आहे त्याच परिच्छेदात द्यावा. कारण वाचक कात्रण ठेवतो ते उपयोगाचे, आणि खालची टीप कात्रीबाहेर राहते.

यापूर्वी छापलेल्या लेखांपैकी ज्यांत पोटात घेण्याचे उपयोग मात्रेविना दिले आहेत, ते वनस्पतिशास्त्र आणि औषधशास्त्र जाणणाऱ्यांकडून तपासून घेऊन त्यांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक