गाण्याच्या बाईंची फी आणि खुंटीवरचे तानपुरे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

युनेस्कोने 2023 साली ग्वाल्हेरची ‘संगीताचे शहर’ म्हणून निवड केली, तेव्हापासून येथील घराण्याविषयी आणि तानसेन समारोहाविषयी वरचेवर छापून येते, आणि ग्वाल्हेरकर म्हणून ते वाचताना अभिमान वाटतो. परंतु लष्कर भागातल्या लहान लहान खोल्यांत सतरंजीवर बसून पलटे (स्वरांच्या सरावाचे नमुने) घोटणारी मुले आणि त्यांना वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे यांच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. अशाच एका गाण्याच्या बाईंविषयी हे पत्र आहे. आपले नाव छापायचे नाही, अशी त्यांची ताकीद असल्यामुळे ते मी देत नाही.

मी ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या एका खासगी कारखान्यात हिशेबाचे काम करीत होतो. कारखाना बंद पडला, शेवटच्या महिन्यांचा पगार अडकला, आणि घरात आधी कशाला कात्री लावायची याचा विचार सुरू झाला, तेव्हा मुलीची गाण्याची शिकवणी थांबवण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसेना. तसे सांगायला मी बाईंकडे गेलो. त्यांनी माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, कारखान्याची चौकशी केली आणि निघताना एवढेच म्हणाल्या, “रविवारी तिला जरा लवकर पाठवा. वर्ग सुरू व्हायच्या आत तानपुरे लावून ठेवायला मला कोणीतरी हवंच आहे.” फीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

पुढच्या महिन्यात मुलीने घरी येऊन सांगितले, की बाईंनी फी घेण्याची पद्धतच बदलली आहे. पूर्वी त्या वहीत नाव लिहून पैसे घेत असत. आता दाराजवळच्या कोनाड्यात एक स्टीलचा डबा ठेवला होता आणि प्रत्येकाने पाकिटावर नाव न घालता फी त्यात टाकायची होती. कोणी किती टाकले, कोणी टाकलेच नाही, हे वर्गातल्या एकाही मुलाला कळण्याची सोय उरली नाही. चौदा वर्षांच्या मुलीला फी माफ झाल्यापेक्षा ती माफ झाल्याचे मैत्रिणींना कळणे अधिक जड जाते, हे बाईंनी आमच्याही आधी ओळखले होते. त्यांच्या उदारपणाची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे.

माझी पत्नी घरी शिवणकाम करते. बाईंनी वर्गातल्या सगळ्या तानपुऱ्यांच्या गवसण्या तिच्याकडे शिवायला टाकल्या, आत अस्तर आणि भोपळ्याच्या बाजूला दुहेरी शिवण हवी असे बजावून सांगितले, पहिल्या गवसणीचा बंद तोकडा झाला तेव्हा ती परतही पाठवली, आणि मजुरी बाजारभावाने चुकती केली. काम चोख झाल्यावर ओळखीच्या दोन-तीन वर्गांत त्यांनी तिचे नाव सांगितले. त्या महिन्यांत आमच्या घरचा किराणा बऱ्याच अंशी याच शिलाईवर आला. दया दाखवून दिलेले पैसे आम्ही घेतले नसते, हे त्या जाणून होत्या.

फी माफ झाली म्हणजे गाणे शिकण्याचा खर्च संपला, असा एक समज आहे, आणि या पत्राचे खरे प्रयोजन तो समज दूर करणे हे आहे. संगीताच्या मध्यमा परीक्षेच्या पुढे गेलेल्या मुलाला घरी स्वतःचा तानपुरा लागतो. मोबाइलवरचा तानपुरा रोजच्या रियाजाला चालतो, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु खुंटी पिळून आणि मणी सरकवून चारही तारा सुरात आणण्याची जी सवय कानाला लागावी लागते, ती त्याने लागत नाही. मिरजेहून चांगला तानपुरा मागवणे हे नोकरी गेलेल्या माणसाच्या आवाक्यातले नसते. शिवाय परीक्षेची फी, परीक्षेपूर्वी साथीला बसणाऱ्या तबलजींचे मानधन, तारा आणि जवारीची (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती हे सगळे वेगळेच. आमच्या मुलीच्या बाबतीत हा सारा भार बाईंनी एकटीने उचलला. स्वतःच्या विद्यार्थिदशेतला तानपुरा त्यांनी आमच्या घरी आणून ठेवला, तो उन्हात ठेवायचा नाही, भिंतीला नुसता टेकवून जायचे नाही, हे समजावून सांगितले आणि जवारीवर दोरा कुठे बसवायचा, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले. त्या स्वतः भाड्याच्या घरात राहतात आणि शिकवणीखेरीज त्यांना दुसरे उत्पन्न नाही.

ग्वाल्हेरच्या गाण्यात ही रीत नवी नाही. ग्वाल्हेर घराण्याचे गायक उस्ताद निसार हुसेन खाँ हे त्यांचे शिष्य शंकरराव पंडित यांच्या घरी राहिले आणि तिथेच त्यांनी पंडितांना विद्या दिली; गुरूला घराचा आधार आणि घराला गुरूची विद्या असा तो व्यवहार होता. याच शहरात वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे कितीतरी विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार स्वतःवर घेतला. त्यापायी झालेल्या कर्जात त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत लिलावात गेली. पलुस्करांचे मोठेपण आपण सांगतो, तेव्हा हा लिलावही आठवला पाहिजे, कारण एकट्या शिक्षकाच्या चांगुलपणावर किती ओझे टाकावे, याला मर्यादा आहे. आमच्या बाई पलुस्कर नव्हेत. त्यांच्याजवळ लिलावात काढण्याजोगी इमारतही नाही. मला नोकरी लागल्यावर मी राहिलेली फी द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि माझ्यासमोरच दुसऱ्या एका मुलाच्या परीक्षेच्या अर्जाला लावली. त्या मुलाचे वडील कोण, काय करतात, हे त्यांनी मला सांगितले नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना माझी एक विनंती आहे. दौलतगंज, जनकगंज, शिंदे की छावणी या भागांतल्या अनेक जुन्या घरांत आजोबांचा किंवा आत्याचा तानपुरा, हार्मोनियम, तबल्याची जोडी वर्षानुवर्षे पडून आहे. न वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या तारा गंजतात, भोपळ्याला तडा जातो, आणि मग तो दुरुस्तीच्याही पलीकडे जातो. ही वाद्ये विकू नका, दानही करू नका, हवी तर आपल्याच मालकीची ठेवा; फक्त शिकणाऱ्या मुलाला त्याच्या गुरूंच्या हवाली वापरायला द्या. आपल्या गणेशोत्सव मंडळांनीही वर्गणीतला एक लहानसा भाग परीक्षा शुल्कासाठी बाजूला काढावा. पैसे मुलाच्या हाती व्यासपीठावर फोटो काढून देऊ नयेत, शिक्षकांकडे द्यावेत. कोणाला किती गरज आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ते गुप्त कसे ठेवावे हेही.

ज्यांच्याकडे असे वाद्य असेल त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, अशी सोय आपण करून द्यावी ही नम्र विनंती. वाद्य ने-आण करण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि दिल्या गेलेल्या प्रत्येक तानपुऱ्याला नवी गवसणी माझी पत्नी मजुरी न घेता शिवून देईल.

आपला नम्र,
एक पालक,
लष्कर, ग्वाल्हेर